गणित कच्चं आहे, दहावीनंतर मुलाला कुठे घालावं?

प्रश्न : माझ्या मुलाला यंदा दहावीला 74 टक्के पडले. मराठी आणि इतिहास-भूगोल उत्तम, गणितात मात्र 100 पैकी 39. त्याचे चुलते म्हणतात, डिप्लोमाला घाला, कुपवाडच्या एमआयडीसीत कुठंही चिकटेल. तो म्हणतो, आर्ट्स घेऊन एमपीएससी करतो, म्हणजे गणिताची कटकट कायमची मिटेल. मला दोन्हीची भीती वाटते. गणित येत नसेल तर पुढे खरंच काही होतं का? (एक आई, तासगाव तालुका, जि. सांगली)

उत्तर : ताई, होतं. भरपूर होतं. पण चुलते आणि मुलगा दोघंही एकाच चुकीच्या समजुतीवर उभे आहेत. चुलत्यांना वाटतं, एकदा डिप्लोमाला घातलं की गणित आपोआप जमेल. मुलाला वाटतं, आर्ट्स घेतलं की गणित आपोआप संपेल. दोन्ही होत नाही. सांगलीत या वयाच्या मुलांना शिकवण्यात आणि त्यांना वाटा दाखवण्यात माझं बरंच आयुष्य गेलं आहे. त्यावरून सांगते.

आधी त्या 39 कडे नीट बघू. दहावीचं गणित 100 गुणांचं असतं : बीजगणिताचा लेखी पेपर 40, भूमितीचा 40 आणि अंतर्गत मूल्यमापनाचे 20. हे 20 शाळेच्या हातात असतात आणि त्यात बहुतेक मुलांना 16-17 तरी मिळतात. म्हणजे लेखी 80 पैकी तुमच्या मुलाने स्वतः कमावलेले गुण बाविसेक. शिवाय बोर्ड टक्केवारी काढतं ती सहापैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांची. त्यामुळे त्याच्या 74 टक्क्यांत गणित बहुधा धरलेलंच नाही. घाबरवायला हे सांगत नाही. पण 74 टक्के बघून नातेवाईक जे सल्ले देतात, ते या 39 कडे न बघता दिलेले असतात.

आता खरा प्रश्न : त्याचं नेमकं काय कच्चं आहे? ‘गणित कच्चं’ हे फार मोघम बोलणं झालं. माझ्याकडे येणाऱ्या मुलाला मी आधी दहा उदाहरणं सोडवायला देते, सगळी सहावी ते आठवीच्या पातळीची. त्यातलं एक तुमच्याच भागातलं : द्राक्षाला चार किलोच्या पेटीमागे 180 रुपये दर ठरला. बागेतून 750 किलो माल गेला. व्यापाऱ्याने 10 टक्के रक्कम नंतर देतो म्हणून मागे ठेवली. आज हातात किती आले?

काही मुलं कागदाला हात न लावता बोलतात : एकशे साडेसत्त्याऐंशी पेट्या, म्हणजे 33,750, त्यातले 3,375 गेले, राहिले 30,375. आणि याच मुलांना वर्गसमीकरणाचे अवयव पाडता आलेले नसतात, भूमितीचं प्रमेय पाठ करून लिहिलेलं असतं. यांचा हिशेब पक्का आहे, कच्चं आहे ते बीजगणित. काही मुलं मात्र त्या उदाहरणापाशीच अडकतात. 750 ला 4 ने भागायचं की गुणायचं हेच ठरत नाही. यांची गाडी पाचवी-सहावीत अपूर्णांकापाशी थांबलेली असते आणि पुढची चार वर्षं गाइडच्या आधाराने गेलेली असतात. या दोन मुलांना एकच सल्ला देणं म्हणजे दोघांचंही नुकसान करणं. आधी तुमचा मुलगा यातला कुठला, ते बघा.

तिसरा प्रकार विरळा असतो, पण तो ओळखायलाच हवा. मूल बाकी सगळ्यात हुशार आहे, पण पाढे कितीही घोकले तरी टिकत नाहीत, 36 आणि 63 मध्ये गोंधळ होतो, काट्यांचं घड्याळ बघून वेळ सांगता येत नाही, सुटे पैसे परत घेताना चुकतं, आणि हे अगदी लहानपणापासून आहे. असं असेल तर तो आळस नसतो. त्याला डिसकॅल्क्युलिया म्हणतात आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयातून तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं, तर परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. पुष्कळ घरांत हे कळतच नाही, मूल वर्षानुवर्षं ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खातं. मला याचं फार वाईट वाटतं. तुमच्या मुलात अशा खुणा दिसत असतील तर बारावीच्या आत तपासणी करून घ्या.

आता चुलत्यांच्या डिप्लोमाकडे. त्यांचा हेतू चांगला आहे, पण अभियांत्रिकी डिप्लोमाचं पहिलं वर्ष बघा. सिव्हिल, मेकॅनिकल, कॉम्प्युटर, शाखा कुठलीही असो, पहिल्या सेमिस्टरला बेसिक मॅथेमॅटिक्स आणि दुसऱ्या सेमिस्टरला अप्लाइड मॅथेमॅटिक्स आहेच. लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, त्रिकोणमिती, डेरिव्हेटिव्ह, मग इंटिग्रेशन. दहावीला लेखी 80 पैकी 22 मिळवलेला मुलगा इथे पहिल्या चार महिन्यांत बुडतो. मग एम-वन, म्हणजे पहिल्या सेमिस्टरचं गणित, राहिला, दुसऱ्याचा एम-टू राहिला, बॅकलॉग साठत गेले, अशी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती हाताने कामसू असतात, मशीनवर रमतात, फक्त त्या दोन पेपरांनी त्यांचा कणा मोडतो आणि ती आपण बिनकामाचे आहोत असं समजून बसतात.

हातात कला असलेल्या मुलासाठी आयटीआय हा कितीतरी सरळ रस्ता आहे, आणि आपल्याकडे त्याला उगाच कमी लेखलं जातं. फिटर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. तिथेही वर्कशॉप कॅल्क्युलेशन नावाचा विषय असतो, पण तो टक्केवारी, क्षेत्रफळ, वजन-मापं यांचा. मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचायला लागतो, तो चार दिवसांत हाताला बसतो, कारण समोर घडवायचा जॉब, म्हणजे लोखंडाचा प्रत्यक्ष तुकडा, असतो. पुढे अप्रेंटिसशिप. किर्लोस्करवाडी, कुपवाड, साताऱ्याची एमआयडीसी अशा ठिकाणी चांगल्या फिटरला मान आहे. पुढे वाटलं तर आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचीही सोय आहे. तुमच्या मुलाबद्दल मात्र तुम्ही मराठी आणि इतिहास लिहिलंत, दुरुस्ती-जोडणीचा छंद लिहिला नाहीत, म्हणून हा रस्ता त्याचा आहे की नाही ते घरात बघून तुम्हीच ठरवा.

सायन्सबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सांगणारच : ‘मॅथ्स सोडून बायो घे.’ हे निम्मं खरं आहे. अकरावीला गणित न घेता जीवशास्त्र घेता येतं, पण फिजिक्स सुटत नाही आणि फिजिक्स म्हणजे शब्द बदललेलं गणित. ‘नीट’च्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या, 720 पैकी 180 गुण फिजिक्सचे असतात. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा प्रवेशसुद्धा नीटवरच होतो. म्हणून ज्याचं बीजगणित कच्चं आहे त्याला नीटसाठी दोन-दोन वर्षं लातूरला किंवा कोट्याला पाठवण्यापूर्वी दहा वेळा विचार करा.

त्या मानाने नर्सिंग, लॅब टेक्निशियन, फार्मसी, कृषी या शाखांत गणित मोजकंच लागतं. पण ते मोजकं गणित चुकून चालत नाही. नर्सिंगचं उदाहरण देते. रुग्णाला 500 मिली सलाईन चार तासांत द्यायचं आहे आणि सेटमधून एका मिलीचे 20 थेंब पडतात. 500 मिलीचे झाले 10,000 थेंब, चार तासांची 240 मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. सिस्टर घड्याळाकडे बघत थेंब मोजते आणि चाकी फिरवून तो वेग लावते. लहान मुलाचा सेट वेगळा असतो, त्यात एका मिलीचे 60 थेंब. सेट बदलला आणि हिशेब तोच ठेवला तर काय होईल, ते सांगायला नको. हे सहावीतलं त्रैराशिक आहे, यात एक्स-वायचा संबंध नाही. ज्याचा हिशेब पक्का आणि बीजगणित कच्चं, त्याने मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावाजवळ राहून या क्षेत्राचा विचार केलाच पाहिजे. जीएनएमचा, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचा, तीन वर्षांचा अभ्यासक्रम आर्ट्सच्या मुलांनाही खुला आहे, आणि तो फक्त मुलींसाठी आहे ही जुनी समजूत आता सोडून द्यायला हवी.

कॉमर्सला लोक घाबरतात ते उगाच. पुस्तपालनात बेरीज-वजाबाकी आणि टक्केवारी यापलीकडे गणित नसतं. तिथे लागते ती शिस्त : नोंद कुठल्या बाजूला करायची, ती का, आणि ताळेबंद जुळला नाही तर न वैतागता मागे जाऊन शोधायचं. गणिताऐवजी एसपी, म्हणजे चिटणीसाची कार्यपद्धती, घेता येते. फक्त सीएचं स्वप्न कुणी दाखवलं तर हे लक्षात ठेवा की फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला, क्वांटिटेटिव्ह अॅप्टिट्यूडचा (गणिती क्षमतेचा) पूर्ण 100 गुणांचा पेपर आहे आणि प्रत्येक पेपरात किमान 40 हवेत. कंपनी सेक्रेटरीचा भर त्या मानाने कायद्यावर आहे, वाचन आणि लेखन चांगलं असलेल्या मुलाला तो जास्त मानवतो.

आणि एक वाट मी आपल्या भागातल्या प्रत्येक कॉमर्सच्या मुलाला सांगते : जीडीसी अँड ए. सहकार खात्याची ही परीक्षा पदवीनंतर देता येते आणि ती पास झालेल्यांना सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचं काम मिळू शकतं. सांगली-साताऱ्यात साखर कारखाने, सूतगिरण्या, दूध संघ, पतसंस्था, विकास सोसायट्या गावोगाव आहेत आणि प्रत्येकीचं दरवर्षी ऑडिट व्हावं लागतं. पुण्या-मुंबईच्या मुलाला या परीक्षेचं नावही माहीत नसतं. सोसायटीचं कर्जखातं, थकबाकी, तारण म्हणजे काय, हे गावात वाढलेल्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही.

आता तुमच्या मुलाचं आर्ट्स आणि एमपीएससी. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त मुलं इथेच फसतात.

आर्ट्सला अकरावी-बारावीत गणित नसतं हे खरं. पण ज्या नोकऱ्यांसाठी तो आर्ट्स घेणार, त्यांच्या परीक्षा उघडून बघा. पोलीस भरतीच्या 100 गुणांच्या लेखी परीक्षेचे चार भाग आहेत : अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण. तलाठ्याच्या परीक्षेत 100 पैकी 25 प्रश्न बुद्धिमत्ता आणि अंकगणिताचे होते. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, ज्याला सगळे सीसॅट म्हणतात, त्यातही अंकगणित आणि बुद्धिमत्ता असते, आणि त्यात 33 टक्के पडले नाहीत तर पहिला पेपर कितीही चांगला गेला तरी तुम्ही बाहेर. बँकेच्या परीक्षेत तर क्वांट, म्हणजे गणित, हा स्वतंत्र विभागच असतो. प्राथमिक शिक्षक व्हायचं म्हटलं तर टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, पहिल्या पेपरात 150 पैकी 30 गुण गणिताचे, आणि नोकरी लागल्यावर पाचवीच्या पोरांना अपूर्णांक शिकवायचे ते वेगळंच.

म्हणजे गणितापासून पळालेला मुलगा पाच वर्षांनी, पदवी घेऊन, पुन्हा त्याच गणितासमोर उभा राहतो. तेव्हा वय वाढलेलं असतं, घरच्यांच्या आशा वाढलेल्या असतात, आणि शेजारच्या खुर्चीवर इंजिनिअर झालेली मुलं बसलेली असतात. सांगलीत, कराडला, साताऱ्यात अभ्यासिका भरलेल्या आहेत. त्यात सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलं बसलेली दिसतात, दरवेळी सात-आठ गुणांनी राहिलेली. त्यातल्या किती जणांचे ते सात-आठ गुण शेकडेवारी आणि काळ-काम-वेगात गेले, हे ती स्वतःच सांगतात. जीव तुटतो त्यांच्याकडे बघून, कारण हा खड्डा अकरावीत सहा महिन्यांत बुजवता आला असता.

म्हणून माझं सांगणं असं : बीजगणित, भूमिती, कॅल्क्युलस सोडायला काही हरकत नाही, त्याशिवाय आयुष्य चांगलं जातं. हिशेब सोडू नका. अपूर्णांक, शेकडेवारी, गुणोत्तर, त्रैराशिक, सरासरी, सरळव्याज, काळ-काम-वेग. एवढंच. याच्याशिवाय नर्सिंग नाही, दुकान नाही, वकिली नाही, सरकारी परीक्षा तर नाहीच नाही.

हे शिकायला दहावीच्या ट्यूशनला परत पाठवू नका. ते सर दहावीच्या धड्यापासून सुरुवात करतील आणि मुलगा पुन्हा तोंड पाडून घरी येईल. बालभारतीची पाचवी ते आठवीची गणिताची पुस्तकं आणा. नेटवर फुकट मिळतात, पण छापील बरी. रोज अर्धा तास, पाचवीच्या अपूर्णांकापासून. पाचवीचं पुस्तक बघून त्याला लाज वाटेल. त्याला सांगा, कुणाला दाखवायचं नाही, खोलीत बसून कर. पहिले पंधरा दिवस धुसफूस होईल, मग भराभर पुढे जाईल, कारण दहाव्या वर्षी न समजलेली गोष्ट सोळाव्या वर्षी पटकन समजते. आठवीच्या शिष्यवृत्तीची जुनी प्रश्नपत्रिका त्याला स्वतःहून सुटायला लागली की स्पर्धा परीक्षेचं अंकगणित त्याला परकं वाटणार नाही. घरातले हिशेबही त्याच्याकडे द्या. डेअरीचं दहा दिवसांचं बिल, किंवा लिटरला 2 मिली औषध असेल तर 200 लिटरच्या टाकीला किती. चुकला तर तिथल्या तिथे ओरडू नका, परत करायला लावा.

आर्ट्स घेऊन एमपीएससीशिवाय काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तोच महत्त्वाचा आहे. मराठी आणि इतिहास चांगला असलेल्या मुलासाठी मी पहिलं नाव घेईन कायद्याचं. बारावीनंतर कुठल्याही शाखेतून पाच वर्षांचा लॉ करता येतो, त्यासाठी राज्याची सीईटी आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीच्या क्लॅटमध्ये गणिताचे प्रश्न असतात, पण एकूण पेपराच्या दहा टक्क्यांच्या आसपास आणि दहावीच्या पातळीचे. साताऱ्यात रयतचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे, सांगलीतही सोय आहे. वकिलीत पहिली चार-पाच वर्षं पैसा थोडा आणि मेहनत फार, हे आधीच सांगून ठेवते. जमिनीचे वाद, वाटणी, सातबाऱ्याचे दुरुस्ती अर्ज यांची कामं आपल्याकडे संपणारी नाहीत, आणि कागद नीट वाचून शुद्ध मराठीत मुद्देसूद लिहिणाऱ्या वकिलाची चणचण आहे.

पत्रकारिता, समाजकार्य, ग्रंथालयशास्त्र, भाषांतर याही वाटा आहेत. मानसशास्त्र आणि अर्थशास्त्रात पुढे संख्याशास्त्र येतं, ते माहीत असू द्या. ते शिकता येतं, फक्त पदवीच्या तिसऱ्या वर्षाला अचानक समोर आलं की मुलं दचकतात. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिल्या असतील आणि हात चांगला असेल तर फाइन आर्ट्सचा विचार गंभीरपणे करा. बीसीएमध्ये ‘कॉम्प्युटरच असतो, गणित नसतं’ असं कुणी म्हणालं तर अभ्यासक्रम मागवून वाचा, त्यात गणित आणि संख्याशास्त्र दोन्ही सापडेल. हॉटेल मॅनेजमेंटच्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतही अंकांचा विभाग असतो, पण महाबळेश्वर-पाचगणी जवळ असल्याने उन्हाळ्यात काम करून बघायची संधी आहे. आवड खरी आहे की नाही, ते पंधरा दिवसांत कळेल.

तर तुमच्या मुलापुरतं. डिप्लोमाचा फॉर्म भरू नका. चुलत्यांना वाईट वाटणार असेल तर पहिल्या सेमिस्टरच्या गणिताचं पुस्तक आणा आणि मुलाला त्यांच्यासमोर पहिला धडा वाचू द्या, तेच समजतील. त्याला शनिवार-रविवारी निवांत बसवून सातवीच्या पुस्तकातली दहा शाब्दिक उदाहरणं सोडवायला द्या, मदत करू नका, घड्याळ लावू नका. सात-आठ बरोबर आली तर अकरावीच्या ऑनलाइन अर्जात आर्ट्सबरोबर कॉमर्सची कॉलेजंही पसंतीक्रमात घाला आणि दोन्हीकडचे विषय त्याला दाखवून मग क्रम ठरवा. तीन-चारच आली तर आर्ट्स घ्या, भूगोल आणि अर्थशास्त्र हे विषय ठेवा, आणि पाचवीचं पुस्तक कॉलेज सुरू व्हायची वाट न बघता याच आठवड्यात उघडा. एमपीएससीचा क्लास अकरावीला लावू नका. कुणी ‘फाउंडेशन बॅच’ म्हणून हजारो रुपये मागितले तरी नाही. त्या पैशात दोन वर्षं रोजचं वर्तमानपत्र आणि वाचनालयाची वर्गणी होते, आणि ज्याचं मराठी-इतिहास चांगलं आहे त्याच्या उपयोगी तेच जास्त पडेल.